छंदवर्ग : आवाजाच्या पुढे पाहा!

बालमित्रांनो, दिघी, भोसरी, मोशी या बाजूला राहणाऱ्या मुलांना एक आवाज चांगलाच ओळखीचा आहे. फळ्यावर लसावि-मसावि चाललेलं असतं आणि एकदम खिडक्या थरथरायला लागतात. लोहगावचं सुखोई निघालं! मग वर्गातले निम्मे डोळे फळ्यावरून थेट आभाळात. "बाई, याचा फोटो काढता येईल का हो?" हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच. आज त्याचंच उत्तर पाहू.

आधी 'नाही' कुठे ते सांगते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. आपण प्रवासाला जातो तो पुण्याचा विमानतळही त्याच धावपट्टीवर चालतो. तिथे 'फोटो काढण्यास मनाई' अशा पाट्या असतात, त्या शोभेच्या नव्हेत. एका फोटोतून किती विमानं आहेत, कुठे उभी आहेत, त्यांच्या पंखांखाली काय टांगलंय, हे सगळं कळतं. तो फोटो मोबाइलवरून पुढे गेला की कुणाकुणाच्या हाती पडेल, सांगता येतं का? अशा ठिकाणांसाठी आपल्या देशात १९२३ सालापासून कायदा आहे. तेव्हा कुंपणापाशी, गच्चीवर, विमानाच्या खिडकीत मोह आवरायचा. पालकांनो, हे तुम्हालासुद्धा बरं का!

मग 'हो' कुठे? हवाई दल स्वतःच बोलावतं तिथे! जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हवाई कसरती झाल्या. 'सूर्यकिरण' पथकाची विमानं समुद्रावर झेपावली, 'सारंग'ची हेलिकॉप्टरं आली. सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये बिदरला सुरू झालं. आधी किरण जातीची विमानं होती, आता हॉक आहेत. नऊ विमानं अशी जवळजवळ उडतात की पाहणाराच श्वास रोखून धरतो. बंगळूरजवळ येलहंक्याला १९९६ पासून 'एरो इंडिया' भरतो, साधारण दर दोन वर्षांनी. २०२५ साली तिथे रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ अशी दोन्ही विमानं आली होती. अशा ठिकाणी खुशाल कॅमेरा काढा. फक्त तिथल्या सूचना आधी वाचा.

आता फोटोची गंमत. पहिला धडा विज्ञानाचा आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटरवर असेल, तर त्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरा. तेवढ्या वेळात ते दोन किलोमीटर पुढे सरकलेलं असतं! म्हणून आवाज येतो तिथे पाहाल, तर रिकामं आभाळ दिसेल. आवाजाच्या पुढे पाहायचं.

दुसरा धडा वळण्याचा. पाय घट्ट रोवा, कोपरं अंगाला टेकवा आणि कमरेतून विमानाबरोबर वळत राहा. बटण दाबल्यावरही लगेच थांबू नका. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर बॅट पुढे जाते ना, तसंच. सूर्य पाठीमागे ठेवा. आभाळ फार उजळ असलं की विमान काळं ठिक्कर येतं, तेव्हा कॅमेऱ्यात उजेड थोडा वाढवा. मोबाइलवर फार झूम करू नका, चित्र फुटतं. त्यापेक्षा धुराच्या रेघा, समुद्र आणि गर्दीची डोकी असा मोठा देखावा घ्या.

तिसरा धडा शटरचा. जेट विमानाला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. पण पंख्याच्या विमानाला हे चालत नाही! एवढ्या थोड्या वेळात पंखा गोठल्यासारखा दिसतो आणि विमान आभाळात टांगून ठेवल्यासारखं वाटतं. तिथे अडीचशेवा भाग ठेवा, म्हणजे पंखा फिरताना दिसेल.

अशी पंख्याची जुनी विमानं हवाई दलाने जपून ठेवली आहेत. त्यातलं एक डकोटा, नाव 'परशुराम'. भंगारात निघालेलं हे विमान दुरुस्त झालं आणि २०१८ मध्ये स्वतःच्या पंखांवर उडत भारतात आलं. त्याच्या अंगावर क्रमांक आहे व्हीपी ९०५. हाच क्रमांक का? २७ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीर वाचवायला शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक होता. विमान दुसरं, पण आठवण तीच. म्हणून फोटोत क्रमांक नीट येऊ द्या आणि घरी आल्यावर वहीत तारीख, ठिकाण, विमानाचं नाव लिहा. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. ज्यांनी आधी त्याचे फोटो काढून नोंदी ठेवल्या, त्यांच्या वह्या आता इतिहास झाल्या.

एक गोष्ट मात्र फोटोपेक्षा मोठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कसरती पाहायला लाखो माणसं आली. भर दुपारचं ऊन आणि प्रचंड गर्दी, यात पाच जणांचा जीव गेला. तेव्हा टोपी, पाण्याची बाटली आणि मोठं माणूस सोबत हवंच. चुकलो तर कुठे भेटायचं, ते आधी ठरवा. फार गर्दी झाली तर शेवटची कसरत सोडून निघा. उरलेला डबा उघड्यावर फेकू नका. खाण्याच्या वासाने घारी येतात आणि एक घार इंजिनात शिरली तर विमान संकटात येतं. २०२५ च्या एरो इंडियाच्या वेळी येलहंक्याच्या १३ किलोमीटर परिसरात मांसविक्री बंद ठेवली होती, ती याचसाठी.

या आठवड्याचा घरचा अभ्यास. घरातल्या टेबलफॅनचा फिरताना मोबाइलवर फोटो काढा. पाती वाकडी दिसली, तर ती का, हे ताई-दादांना विचारा. मग पदपथावर मोठ्या माणसाबरोबर उभं राहून धावत्या पीएमपीचे दहा फोटो घ्या. बस स्पष्ट आणि मागची दुकानं पुसट आली की समजा, हात बसला. आणि इंद्रायणीवर घिरट्या घालणाऱ्या घारीचा फोटो साधला, तर सूर्यकिरण काही अवघड नाही!