गजर थांबला, म्हणजे दोष मिटला काय?

टेलिफोन बंद पडला की आपण म्हणतो, "यंत्र बिघडले." जणू यंत्राने न सांगता दगा दिला! दूरध्वनी केंद्रात उमेदीची काही वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे म्हणणे पटत नाही. यंत्र मुकाट्याने मरते असे फार क्वचित घडते. बहुतेक वेळा ते आधी दिवा लावते, घंटा वाजविते, कागदावर एखादी ओळ उमटविते. पुढे काय होते हा प्रश्न यंत्राचा नसून माणसाचा असतो. कोणीतरी उठतो, घंटा बंद करतो आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसतो. एका रात्री मीही तसाच बसलो होतो. त्या रात्रीने जे शिकविले ते आज इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

आजच्या विद्यार्थ्यांनी स्ट्रोजर पद्धतीचे एक्स्चेंज पाहिलेले नसणार. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाचा मूळ व्यवसाय प्रेतांच्या दफनाची व्यवस्था करण्याचा. त्याने १८९१ मध्ये या यंत्राचे पेटंट मिळविले आणि पुढे कित्येक दशके जगातले टेलिफोन त्यावर चालले. आपण डायल फिरवावी, प्रत्येक आकड्याबरोबर सिलेक्टरचा दांडा खटखट करीत वर चढावा, मग आडवा फिरून पुढची वाट धरावी, असा तो कारभार. हजारो हलते भाग असल्यामुळे दोष रोजचेच. म्हणून त्या यंत्राला बोलायलाही शिकविलेले होते. फ्यूज उडाला की त्यातील बारीक स्प्रिंग सुटून शेजारच्या पट्टीला टेकत असे. तेवढ्याने रॅकवर दिवा लागे, रांगेच्या टोकाला दिवा लागे आणि घंटा वाजू लागे. दिव्यांच्या मागोमाग गेले की माणूस नेमका त्या फ्यूजपाशी पोहोचे. संभाषण संपूनही सिलेक्टर जागेवर परतला नाही तर त्याची घंटा वेगळी. एखादी लाइन डायल न करताच जोडलेली राहिली तर तिला आम्ही 'पी.जी.' म्हणत असू. रिसीव्हर बाजूला पडून राहिला तरी पी.जी. येई आणि केबलमध्ये पाणी शिरून दोन तारा एक झाल्या तरीही येई. काही घंटा तत्काळ धावायला लावणाऱ्या असत. काही मात्र थोड्या वेळाने वाजत, कारण तेवढ्यात कोणी रिसीव्हर जागेवर ठेवण्याचा संभव असे.

गोष्ट १९८९ च्या पावसाळ्यातली. तालुक्याच्या गावातील एका लहानशा एक्स्चेंजमध्ये मी नवखा तंत्रज्ञ होतो. रात्रपाळी, आणि मी एकटाच. बाहेर मुसळधार पाऊस. साडेअकराच्या सुमारास पी.जी.ची घंटा झाली. पाहतो तो एकाच केबलवरील सहा लाइनी अडकलेल्या. मला शिकविले होते तसे मी केले. मेन फ्रेमवर जाऊन त्या सहा लाइनींना पाचरी घातल्या आणि त्या एक्स्चेंजपासून तोडल्या. सिलेक्टर मोकळे झाले, दिवे विझले, घंटा थांबली. यात चूक काही नव्हती. तसे केले नसते तर गावातील इतरांचे कॉल अडले असते. चूक त्यानंतर झाली. रजिस्टरमध्ये मी लिहिले, "पी.जी. काढला. ठीक." कोणत्या लाइनी तोडल्या, त्या कोणाच्या, पुन्हा कधी तपासायच्या, यातले एक अक्षर लिहिले नाही. लिहिण्यासाठी का होईना, यादी उघडून पाहिली असती तर कळले असते की त्या सहांत गावाबाहेरच्या आरोग्य केंद्राची लाइन आहे.

त्याच रात्री त्या केंद्रात साप चावलेला एक शेतकरी आणला गेला. सर्पविषावरची लस तेथे संपलेली होती. डॉक्टर मोठ्या इस्पितळाला फोन लावीत राहिले, पण फोनला आवाजच नव्हता. शेवटी पहाटे दुधाच्या टेंपोत घालून रोग्याला शहरात नेले. माणूस वाचला, पण त्याचा पाय कायमचा अधू झाला. केबल ओली होती, तेव्हा मी पाचर घातली नसती तरी फोन लागलाच असता असे नाही. परंतु लाइनमनला उठवून दुसऱ्या केबलवरील एखाद्या मोकळ्या जोडीवर ती लाइन घेता आली असती. निदान कोणाला तरी पाठवून "तुमचा फोन बंद आहे, गाडीची सोय करून ठेवा" एवढे तरी कळविता आले असते.

सकाळी त्या शेतकऱ्याचा भाऊ एक्स्चेंजमध्ये आला. तो भांडला नाही. "रात्री फोन बंद होता, हे तुम्हांला ठाऊक होतं का?" एवढेच त्याने विचारले. मी रजिस्टर उघडले. त्यात "ठीक" असे लिहिलेले होते, आणि अक्षर माझे होते.

त्या दिवशी मी मागची पाने चाळली. त्याच केबलच्या तक्रारी त्या पावसाळ्यात आधी चार वेळा आलेल्या होत्या. चारही वेळा पुढे इंग्रजीत एकच शेरा होता, "टेस्टेड ओके". चारही चाचण्या दुपारच्या. एका नोंदीच्या समासात मात्र पेन्सिलीने कानडीत दोन शब्द लिहिलेले होते. मला कानडी बोलता येत असे, वाचायला मात्र अक्षरे जुळवावी लागत. मी जुळविली. "मळे बंदाग", म्हणजे पाऊस आला की. आमच्या वयस्क लाइनमनचे ते अक्षर होते.

"मामा, हे मला सांगितलं का नाही?" मी विचारले.

"लिवलंय की, तम्मा. पावसात भिजतंय, दुपारी वाळतंय. तुम्ही टेस्ट दुपारी करतासा. आनि रजिस्टर वाचतंय कोन?"

दोन दिवसांनी जॉइंट उघडला तेव्हा आत पाणी होते. चार अधिकृत शेऱ्यांत जे नव्हते, ते समासातल्या दोन शब्दांत होते. दोष केव्हा येतो आणि कोणत्या परिस्थितीत येतो हे ज्याने लिहिले, त्याने अर्धी दुरुस्ती केली असे मी तेव्हापासून मानतो.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या लोखंडी यंत्राचे झाले. आताची यंत्रे स्वतःची तपासणी स्वतः करतात. खरे आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील सकासना येथे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक बंद राहायचे नाही, असे ध्येय त्याच्या रचनाकारांनी ठेवले होते. त्यासाठी नियंत्रणाचा भाग जोडीने ठेवलेला होता. एक चुकला की दुसरा काम हाती घेई. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज १९८६ मध्ये बसले ते आपल्याच जिल्ह्यात, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला. वातानुकूलित खोलीची चैन नसलेल्या, धूळ आणि उकाडा असलेल्या गावात चालावे म्हणून ते घडविलेले होते. दोष कोणत्या कार्डात आहे हे यंत्राने सांगावे आणि माणसाने ते कार्ड बदलावे, इतके काम सोपे झाले. या गोष्टीचा आपल्याला अभिमान असलाच पाहिजे.

परंतु यंत्र कितीही शहाणे झाले तरी ऐकणारा लागतोच. १७ सप्टेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. एटी अँड टी कंपनीच्या मॅनहॅटनमधील एका मोठ्या केंद्राने ठरल्याप्रमाणे बाहेरची वीज सोडून स्वतःच्या जनित्रांवर काम सुरू केले. त्या बदलात बॅटऱ्यांना वीज पुरविणारे रेक्टिफायर बंद पडले आणि सारे यंत्र बॅटरीवर चालू लागले. इशारे मिळत होते, पण त्यांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. नेमाने करावयाची पाहणीची फेरी त्या दिवशी झाली नाही. कारण संबंधित तंत्रज्ञ एका प्रशिक्षणवर्गाला गेले होते, आणि वर्गाचा विषय होता नवी गजर-यंत्रणा! सुमारे सहा तासांनी बॅटऱ्या संपल्या. लाखो कॉल अडलेच, शिवाय विमानांच्या नियंत्रणाच्या लाइनीही त्याच केंद्रातून जात असल्यामुळे शहराच्या तिन्ही मोठ्या विमानतळांचे काम ठप्प झाले. सहा तास म्हणजे दोष हुडकून काढायला भरपूर वेळ. पण तो पाहणाऱ्याला मिळतो, न पाहणाऱ्याला नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे, कॅनडातील रॉजर्स कंपनीचे. ८ जुलै २०२२ रोजी सात टप्प्यांच्या एका सुधारणेचा सहावा टप्पा चालू असताना एका राउटरमधील चाळणी काढली गेली. मार्गांच्या माहितीचा लोंढा आत घुसला आणि जाळ्याचा गाभाच कोलमडला. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. मूळ कारण सापडायला सुमारे चौदा तास लागले. का? दोषांच्या नोंदी ज्या वाटेने पाहायच्या ती वाट त्याच जाळ्यातून जात होती, आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोनही त्याच कंपनीचे होते. घराला आग लागावी आणि विहिरीचा दोर त्याच घरात असावा, तशातली गत. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे या कामाचा धोका उच्च श्रेणीतून कमी श्रेणीत उतरविला गेला होता, हेही पुढे चौकशीत दिसून आले. आमचे "टेस्टेड ओके" याहून निराळे काय होते?

या सर्वांवरून माझे मत असे बनले आहे की, "पाहिले" आणि "मिटले" या दोन शब्दांची गल्लत हाच मोठा दोष आहे. आजच्या नियंत्रण कक्षांत गजरांची प्रतवारी असते: अतिगंभीर, गंभीर, किरकोळ, केवळ इशारा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या एक्स.७३३ या शिफारशीत ही श्रेणी दिलेली आहे आणि "मिटले" ही अवस्था वेगळी नोंदविण्याची सोयही त्यात आहे. कर्मचाऱ्याने पडद्यावर "पाहिले" म्हणून बटण दाबले तर त्याचा अर्थ एवढाच की, आता हे त्याच्या माथ्यावर आले. दोष गेला असा त्याचा अर्थ नव्हे. माझी पाचर म्हणजे "पाहिले" होते. मी लिहून ठेवले "मिटले".

गजर फार झाले तरी तोच परिणाम होतो. एक केबल तुटली तर शेकडो उपकरणे ओरडू लागतात आणि त्या कोलाहलात मूळ ओरड हरवते. रोज वाजणारी, कधीच कामाची नसलेली घंटा कर्मचाऱ्याला बहिरा करून सोडते. म्हणून निरर्थक गजर काढून टाकणे हेही देखभालीचेच काम आहे. मात्र ते दिवसाउजेडी, विचार करून आणि कारण लिहून करावे, मध्यरात्री झोपमोड झाली म्हणून नव्हे. आणि ग्राहकाची तक्रार हीसुद्धा एक घंटाच आहे. यंत्र "ठीक" म्हणत असताना चार माणसे "फोन लागत नाही" म्हणत असतील, तर मी चार माणसांवर विश्वास ठेवीन.

नोंदी खोट्या का होतात, याचेही उत्तर दिले पाहिजे. केवळ आळस हे कारण नाही. आमच्याकडे महिनाअखेरीस दोषांची संख्या मोजली जाई आणि ज्याच्या पाळीत दोष अधिक त्याला बोलणी बसत. मग "दोष सापडला नाही" असे लिहिणे सर्वांनाच सोयीचे. जेथे नोंद करणाऱ्याला शिक्षा होते, तेथे रजिस्टर स्वच्छ आणि केबल ओली राहते. अधिकाऱ्यांनी विचारावयाचा प्रश्न "दोष किती आले?" हा नसून "तोच दोष पुन्हा का आला?" हा आहे.

हे सारे महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. त्याने आपल्या प्रयोगशाळेतील रजिस्टर उघडून पाहावे. मी स्वतः तेथे शिकवितो, तेव्हा दोषात माझाही वाटा आहे. "ऑसिलोस्कोप नादुरुस्त", "दुरुस्त केला", "ओके". काय बिघडले होते, केव्हा, कोणता भाग बदलला, काय करायचे राहिले, याचा पत्ता नाही. आपण मुलांना सर्किट मांडायला शिकवितो, दोषाची नोंद करायला शिकवीत नाही. माझी सूचना साधी आहे. येत्या सत्रापासून प्रयोगशाळेत "ओके" हा एकटा शब्द लिहिण्यास बंदी असावी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी याव्यात: दोष केव्हा आणि कोणत्या स्थितीत दिसला, काय केले, काय राहिले, आणि पुढे कोणी पाहायचे. नोंद मराठीत असो, कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत. ज्याला जी भाषा नेमकी येते तीत त्याने लिहावे. वाचणाऱ्याने अक्षरे जुळवून वाचावे. मला ती वेळेवर जुळविता आली नाहीत, म्हणून सांगतो.

ते स्ट्रोजर एक्स्चेंज केव्हाच भंगारात गेले. ते लाइनमन मामाही आता नाहीत. त्या शेतकऱ्याच्या भावाला मात्र मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. "होय, ठाऊक होते, पण मी लिहिले नाही," हे ते उत्तर. तुमच्यावर ते देण्याची पाळी न येवो.