बिजागरीचा हिशेब कोण मागणार?

लॅपटॉपसारख्या उपकरणांच्या देशी निर्मितीसाठी केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. प्रोत्साहन मोजले जाते ते वाढीव विक्रीवर. कवच किती वर्षे टिकते, याचा त्यात हिशेब नाही. स्वस्त लॅपटॉपची बिजागरी बहुधा प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या बारीक पितळी नटांना जखडलेली असते. ती कडक होत गेली, की झाकण उघडतानाचा सारा जोर त्या नटांवर येतो आणि भोवतालचे प्लॅस्टिकच फुटते. वॉरंटीच्या भाषेत हे बहुधा ‘भौतिक नुकसान’. म्हणजे खर्च ग्राहकाच्या माथी! भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी पाहते ती मुख्यतः आग, विजेचा धक्का यांपासूनची सुरक्षितता. बिजागरी किती हजार वेळा उघडझाप सोसते, हा आकडा खोक्यावर छापण्याची सक्ती नाही. कर्ज काढून लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो प्रोसेसरच्या वेगाइतकाच ठळक दिसला पाहिजे.