शाखेचा तोटा कुणामुळे?

भाटघरचे धरण भोर तालुक्यात. पाणी मात्र नीरेच्या कालव्यांनी बारामती-इंदापूरला आणि फलटण-माळशिरसला जाते. वरच्या उतारावरचे भात आणि नाचणी पावसाच्या भरवशावर, तुमच्या कपाशी-ज्वारीसारखीच. गावातली बँकेची शाखा उठली की पैशाचेही असेच होते. ठेवी शहराकडे वाहतच राहतात, कर्ज तेवढे आटते.

२०१८ साली बँक ऑफ महाराष्ट्रने ५१ शाखा बंद करून शेजारच्या शाखांत मिसळल्या. कारण दिले तोट्याचे. त्या शाखा शहरांतल्या होत्या हे खरे. पण हीच पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक आहे. तोटा हाच निकष लावायचा ठरला तर वेल्ह्यातली (सरकारने तालुक्याचे नाव आता राजगड केले आहे, नावाने कर्ज मिळत नाही) कोणती शाखा टिकेल?

आणि हा तोटा आला कुठून? शेतमालाचे भाव सरकारने पाडायचे, निर्यात अडवायची, आयात सोडायची. मग पीककर्ज थकले की शाखा तोट्यात म्हणून कुलूप लावायचे. शेतीच्या तोट्याचा हिशेब आधी मांडा, शाखेचा आपोआप सुटेल. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा खेड्याचेच नाव पुढे केले होते.

साहेब म्हणतात, बँकमित्र आहे, मोबाइल आहे. खुरपे धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, हे माहीत नसलेला शेतकरी सापडायचा नाही. ठसा उमटला तरी हजार-दोन हजार निघतील. पीककर्ज मंजूर करायचा अधिकार बँकमित्राला नाही. कोरडवाहू कपाशीची पेरणी पहिल्या चांगल्या पावसावर साधली नाही, तर बोंडे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते. जुलैअखेर हातात पडलेले कर्ज कपाशीच्या कामाचे नाही. मग बियाणे-खत दुकानदाराच्या उधारीवर, आणि कापूसही त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने.

आमचा विरोध नुसत्या घोषणांवर चालणार नाही. ग्रामीण शाखा बंद करायची तर जिल्हा सल्लागार समितीची किंवा जिल्हास्तरीय आढावा समितीची मंजुरी घ्यावी आणि खातेदारांना वेळेत कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालच्या परिपत्रकात बजावले आहे. सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आढावा समितीत खासदार-आमदार बसतात. आपला माणूस तिथे गप्प बसला की काय, हे बैठकीचे इतिवृत्त मागून पाहता येते.

तेव्हा कुलूप लागायची वाट न पाहता ग्रामसभेचे ठराव करून ठेवा. भोर-वेल्ह्यानेही करावेत, कापसाच्या जिल्ह्यांनीही. ठरावात शाखेकडे गावाच्या ठेवी किती, त्यातून गावाला पीककर्ज किती, हे आकडे मागा. पुढची शाखा किती किलोमीटरवर आहे, एस.टी. किती वाजता जाते आणि परतीची कधी मिळते, तेही लिहा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक अग्रणी बँकेला, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.