दोन हरणे, एक नाव

दक्षिण आफ्रिकेच्या माळरानावर एकेकाळी क्वाग्गाचे कळप चरत. ही मैदानी झेब्र्याचीच एक उपजात. मान व पुढचा भाग पट्ट्यांचा, मागचा तपकिरी. मांसकातड्यासाठी आणि आपल्या गुरामेंढरांना चारा उरावा म्हणून वसाहतकऱ्यांनी त्याची बेसुमार शिकार केली. १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी मरण पावली. ती अखेरची होती, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानातही आले नाही. कारण तिकडे सरसकट सर्वच झेब्र्यांना क्वाग्गा म्हणत. इतर झेब्रे दिसत होते, तोवर क्वाग्गा आहेतच असा समज राहिला. दोन खात्यांची बाकी एकत्र मांडली की एकातील तूट झाकली जाते, हे व्यापारी घरांना सांगावयास नको.

आज झेब्र्याच्या तीन जातींची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ स्वतंत्रपणे ठेवतो. ग्रेव्हीचा झेब्रा संकटग्रस्त, पर्वतीय झेब्रा असुरक्षित, तर मैदानी झेब्रा संकटाच्या उंबरठ्यावर आहे. नाव एक, अवस्था तीन.

बीड जिल्ह्यात झेब्रा नाही. पण ही चूक येथेही घडू शकते. पाटोदा तालुक्यात १९९४ साली घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य मोरांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भागातील माळांवर काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी आढळतात. बोलताना मात्र दोघांनाही 'हरीण'च म्हटले जाते. वस्तुतः काळवीट कळपाने राहतो. नराची शिंगे पिळदार, पाठ काळसर, पोट पांढरे. मादीला शिंगे नसतात. चिंकारा लहानखुरा, वाळूच्या रंगाचा, दोघा-चौघांच्या गटात वावरणारा. त्याच्या मादीलाही बारीक शिंगे असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. तरीही काळविटांचे कळप पाहून 'हरणे पुष्कळ आहेत' असे म्हणत राहिल्यास, चिंकारा घटला तरी कोणास कळावे?

दुसरी बाजू शेतकऱ्याची. पेरलेले कोंब रातोरात खाल्ले गेले, तर त्याच्या रागाला कारण असते. हरीण, काळवीट, रोही, रानडुक्कर यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीबद्दल शासन भरपाई देते. त्यासाठी वन कार्यालयाकडे वेळेत अर्ज करावा लागतो. मोंढ्यात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास आडतीवर बसूनच ही माहिती देता येईल, अर्ज लिहून देता येईल. भरपाई हाती पडलेला शेतकरी कुंपणात वीज सोडण्याचा विचार सहसा करणार नाही. जीवदयेचे हे काम दुकानाच्या गादीवरूनही होण्यासारखे आहे.