बाळंतपणाचा भार कोणी वाहावयाचा?

देशातील शंभर बाळंतपणांपैकी जवळजवळ ८९ आता रुग्णालयांत होतात, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांच्या कष्टांचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु रुग्णालयाच्या दारापर्यंत स्त्रीला आणून सोडले म्हणजे शासनाचे कर्तव्य संपले काय? याच सर्वेक्षणानुसार गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयाने पीडित आहेत. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावल्या, तर आसामात १९५! अशा विषमतेच्या मुळाशी दवाखान्यांची उणीव आहे, तशीच पुरेसा आहार आणि विश्रांती यांचीही आहे. आणि विश्रांती हा कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत शेवटी मजुरीचाच प्रश्न असतो.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. या तरतुदीचे आम्ही स्वागतच करतो. पण तिचा लाभ मुख्यतः संघटित क्षेत्रातील मूठभर स्त्रियांना होतो. शेतमजूर, विडी कामगार, बांधकाम मजूर, घरकामगार या कोट्यवधी स्त्रियांच्या वाट्याला काय येते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देऊ केले. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये मिळतात. मुलगा झाला, तर त्या मातेला विश्रांतीची गरज नसते की काय? दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर ५,००० रुपये म्हणजे अवघी सतरा दिवसांची मजुरी होय. एकीला १८२ दिवस, दुसरीला सतरा! एकाच देशातील मातांमध्ये केलेला हा वर्गभेद नव्हे तर दुसरे काय आहे?

याचे भीषण रूप पाहावयाचे असेल तर उसाच्या फडाकडे पाहावे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमांनी फेडावयाची असते, आणि खाडा पडला की दंड होतो. गरोदर बाईची नोंद गावच्या अंगणवाडीत राहते आणि ती स्वतः शेकडो मैलांवरच्या पालात. मग तपासणी कोण करणार, लोहाच्या गोळ्या कोण देणार? याच जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याची माहिती शासनाने २०१९ साली विधिमंडळात दिली. पाळीचा, गरोदरपणाचा एक दिवसही जेथे परवडत नाही, तेथे स्त्रीचे शरीरच अडथळा ठरते.

हा भार कोणी वाहावयाचा, हा वाद जुना आहे. गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप ज्या वर्षी गाजला, त्याच १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेस आले. मालकपक्ष खर्चाचे रडगाणे गात असता, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, हा खर्च मुख्यतः सरकारने सोसावा आणि तिच्या श्रमांवर नफा मिळविणाऱ्या मालकानेही आपला वाटा उचलावा, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी मांडली. १९२९ साली कायदा झाला. तो गिरण्या-कारखान्यांपुरता होता. शेतावरची आणि फडावरची स्त्री तेव्हाही बाहेर राहिली, आजही बाहेरच आहे.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. तामिळनाडूत १९८७ साली सुरू झालेल्या मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेखाली रोख रक्कम व पोषक आहार मिळून १८,००० रुपयांपर्यंत साह्य, तेही पहिल्या दोन बाळंतपणांना, देण्याची तरतूद २०१८ साली झाली. एका राज्याला जे साधते, ते केंद्राला का साधू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक कष्टकरी स्त्रीला, अपत्याची कोणतीही अट न घालता, २६ आठवड्यांची किमान वेतनाइतकी भरपाई मिळाली पाहिजे. स्थलांतरित मातेची नोंद तिच्याबरोबर फिरली पाहिजे आणि फडावर आरोग्यपथक गेले पाहिजे. तोडणीच्या हंगामातील प्रसूतीचा खर्च साखर कारखान्यांनी उचलला पाहिजे. आशा कार्यकर्त्यांना मानधनाऐवजी वेतन मिळाले पाहिजे. शेतमजूर, कामगार आणि महिला संघटनांतील कॉम्रेड्सनी हा प्रश्न केवळ 'महिला आघाडीचा' म्हणून बाजूला सारू नये. मजुरीच्या प्रत्येक मागणीपत्रकात त्याला पहिल्या पानावर स्थान असावे.