पद्मिनीचा रुपेरी साज

गेल्या माघांत आम्ही राळेगांवीं आमच्या आत्याबाईंकडे गेलों होतों. दारांतून पाऊल आंत टाकतांच नाकांत शिरला तो रंगाचा उग्र दर्प, आणि कानांवर आला तो आत्याबाईंचा खोकला. त्यांचा दम्याचा विकार जुनाच. परंतु त्या दिवशीं दोन वाक्यें सलग बोलणेंही त्यांस कठीण झालें होतें. शोध घेतां अपराधी माडीवर सांपडले. पंधरा व बारा वर्षांचे त्यांचे दोघे नातू खिडक्या घट्ट लावून, प्लॅस्टिकच्या एका छोट्या मोटारीच्या बंपरवर डब्यांतून क्रोमचा रंग फवारीत होते.

मुलांचा हेतु मात्र रागावण्याजोगा नव्हता. तात्यांचा सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ पंधरा दिवसांवर आला होता. तात्यांपाशीं एके काळीं प्रीमियर पद्मिनी होती. त्या मोटारींतून त्यांनीं वर्षानुवर्षें यवतमाळच्या कोर्टाच्या खेपा केल्या. घरांतल्या दोन नववधू त्याच मोटारींतून उंबऱ्याशीं आल्या. आणि ती विकली त्या दिवशीं तात्या जेवले नाहींत, असें आत्याबाई सांगतात. तिचीच प्रतिकृति आजोबांस द्यावयाची, असा नातवांचा बेत होता.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट होऊं लागली. तिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत दिसे. तिच्या रूपाचें अर्धें भांडवल म्हणजे समोरची चकचकीत जाळी, दिव्यांभोंवतालचीं कडीं आणि बंपर. मूळची मोटार जवळजवळ चार मीटर लांब. ती २४ पटींनीं लहान केली म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर उरते. एवढ्याशा वस्तूवर बंपर आरशासारखा न होतां करडा झाला, कीं मोटारीचें खेळणें होतें. मुलांचा बंपर जुन्या लोखंडी ट्रंकेसारखा करडा झाला होता, आणि त्यावर कापसाचे तंतु चिकटले होते ते निराळेच.

"काका, डब्याच्या झांकणावर तर आरसा दिसतो!" धाकटा रडवेला होऊन म्हणाला.

खरी गोष्ट अशी कीं, या डब्यांना क्रोम म्हणतात तें केवळ चकाकीवरून. १७९७ सालीं फ्रेंच रसायनज्ञ वोकलँ यांनीं सायबेरियांतल्या तांबड्या खनिजांत जें मूलद्रव्य शोधलें, तें क्रोमियम त्यांत सहसा नसतेंच. असतात ते ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म, चपटे कण. रंग ओला असतांना ते पृष्ठभागावर तरंगत येऊन एकमेकांशेजारीं आडवे पडले, तरच आरसा होतो. खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल, किंवा एकाच वेळीं दाट थर बसला, तर कण वेडेवांकडे बसतात व प्रकाश चोहोंकडे विखुरतो. मग चांदीचा रंग दिसतो, चांदी दिसत नाहीं. खऱ्या मोटारीचीही गोष्ट फारशी निराळी नाहीं. तिच्या बंपरावरील क्रोमियमचा थर नांवापुरताच असतो. त्याची झळाळी मुख्यतः खालच्या निकेलची.

आत्याबाईंस हें आम्हीं कल्हईच्या उदाहरणानें सांगितलें, तों त्यांस पटकन् उमजलें. भांडें आधीं घांसूनपुसून स्वच्छ केल्यावांचून कथील धरीत नाहीं, हें त्यांना कोणीं शिकवावें! प्लॅस्टिकचे भागही प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुवावे, कारण सांच्यांतून निघतांना त्यांस तेलकटपणा राहिलेला असतो. मग चकचकीत काळा रंग द्यावा. काळाच कां, तर कणांच्या फटींतून आंत गेलेला प्रकाश तो गिळतो आणि प्रतिबिंब ठसठशीत उठतें. हा काळा थर इतका गुळगुळीत झाला पाहिजे कीं त्यांत खिडकीचे गज दिसावे. तो एकदोन दिवस पुरता वाळूं द्यावा. मुलांनीं तो तासाभरांतच उरकला होता. त्यानंतर क्रोमचा रंग वीतभर अंतरावरून, हात चालता ठेवून, धुक्यासारखा विरळ दोनतीनदां फवारावा. रंगांतील द्रावणें कांहीं प्लॅस्टिकांना खातात, म्हणून प्रथम न दिसणाऱ्या बाजूवर परीक्षा करावी.

राळेगांवची अडचण कोणत्याही डब्यावर छापलेली नसते. पावसाळ्यांत दमट हवेनें रंग पांढुरका पडतो. वैशाखांत तो वाटेंतच वाळून भुकटीसारखा बसतो. आणि उघडीप व गारवा असतो त्याच दिवसांत कापसाच्या गाड्या जिनांकडे लागलेल्या असतात व रुई हवेंत तरंगते. तिच्याच भयानें मुलांनीं खिडक्या लावल्या, आणि शिक्षा आत्याबाईंस झाली. तोंडाला बांधलेल्या रुमालानें रंगाची वाफ अडत नाहीं. शिवाय डब्यांतला रंग बाहेर ढकलणारा वायु पुष्कळदां स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. आणि माडीच्या जिन्याखालींच देवघर, तेथें निरंजन तेवत होतें! तें पाहून आम्हांस घाम फुटला.

तोड सुचविली ती मात्र मोठ्या सूनबाईंनीं. पहांटे, वारा पडलेला असतांना, त्यांनीं मागच्या अंगणांत नेहमींपेक्षां दाट सडा घातला. धूळ व रुई खालीं बसली. एक मोठें खोकें आडवें ठेवून त्यांत, दांतकोरण्यांच्या टोकांवर खोंचलेले भाग फवारले, व लगेच दुसऱ्या स्वच्छ खोक्याखालीं झांकले. वडील माणूस जवळ, विस्तव दूर, डबा काम होतांच सावलींत. आत्याबाई त्या वेळीं पुढच्या ओसरीवर होत्या, आणि मधलीं दोन्ही दारें बंद होतीं.

जाळीच्या बारीक रेघांस फवारा निरुपयोगी ठरला. तेथें थोरल्यानें पाठीला डिंक असलेला ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख चिकटविला. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला बेगड लावणाऱ्या मुलांस तें शिकवावें लागलें नाहीं. आमच्या मतें बारीक कामांत वर्खच सरस. पण वळणदार बंपरवर त्यास सुरकुत्या पडतात.

एक उणीव राहते ती राहतेच. हा रुपेरी थर कित्येक दिवस वाळूनही बोट सहन करीत नाहीं. आणि संरक्षणार्थ वरून पारदर्शक लाखेचा थर द्यावा, तर खालचे कण हलतात व आरसा मावळतो. म्हणून हे भाग शेवटीं बसवावे, आणि कांचेच्या पेटींत ठेवावे.

पेटीही केली होती. समारंभाच्या दिवशीं तात्यांनीं ती उघडली, मोटार तळहातावर घेतली, बराच वेळ निरखली, आणि पूर्वीं कोर्टांतून आल्यावर धूळ पुसावयाचे तसा पुढच्या बंपरवरून आंगठा फिरविला. तेथें करडा डाग उठला. धाकटा "आजोबा—" म्हणून पुढें झाला. सूनबाईंनीं त्याचा हात धरून मागें ओढला. तात्यांचें लक्ष नव्हतें. ते मागच्या नंबरपट्टीवरचे आंकडे वाचीत होते.