सुरमई नाही म्हणून उठून जाणारी माणसं

"वेंगुर्ल्यात खायला काही मिळत नाही." हे वाक्य गेल्या दीड महिन्यात मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. चौघेही आपलेच, बेळगावचे. त्यातला एक तर माझा सख्खा दीर. भाऊजी हे वाचणार आहेत याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यांच्यासाठीच लिहितेय म्हणा की. पोस्ट लांब होईल आणि काहींना लागेलही.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही आठ जण पहाटे पाचला निघालो. भाड्याची मोठी गाडी. आम्ही दोघं, दीर-जाऊबाई, तीन मुलं आणि माझी आई. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, माहेर उभादांडा, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बंदराला लागूनच. गेल्या अकरा वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. हिंडलगा, बाची, शिनोळी, चंदगड करत आंबोलीला पोचेपर्यंत उजाडलं. आंबोलीला चहा-भजी झाली. घाट उतरून दाणोली लागली तशी आईनं काच खाली केली आणि थेट सावंतवाडीपर्यंत ती वर घेऊ दिली नाही. जाऊबाईंना केसांत वारा जात होता, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार.

ह्या रस्त्याबद्दल जरा सांगते, कारण आपल्यातल्या तरुण मुलांना ते ठाऊकच नसतं. हा रस्ता कोणा पर्यटकासाठी झालेला नाही. बेळगावच्या कॅम्पात इंग्रजांची फौज होती आणि तिला लागणारा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा. आधी रामघाटानं बैल चढायचे, मग आंबोलीचा घाट झाला. आंबोली हे गावच मुळात ह्या वाटेवरचा टप्पा म्हणून वाढलं. त्याच्याही आधी डचांची वखार वेंगुर्ल्यात होती, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. पुढं मुरगावची रेल्वे लोंढ्याला येऊन मिळाली, माल तिकडून जायला लागला आणि वेंगुर्लं मागं पडलं. सांगायचं एवढंच, की ज्या गावाला आपण "काय आहे तिथं" म्हणतो ते गाव आपल्या शहराचा समुद्राकडचा दरवाजा होतं. मीठ, नारळ, सुकी मासळी त्या दारानं वर यायची. माझी आईसुद्धा लग्न होऊन त्याच वाटेनं, एसटीनं, उलट्या करत वर आली.

आता जेवणाकडे येते.

सकाळी बंदरावर फिरून झालं, सागरेश्वरच्या वाळूत मुलं लोळली. किनाऱ्यावर एक रापण ओढत होते. रापण म्हणजे होडीनं जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून पंचवीस-तीस माणसांनी ते किनाऱ्याकडे ओढत आणायचं. येईल त्या मासळीत सगळ्यांचा वाटा. त्या दिवशी तारले आले होते. वाळूवर चांदीचा ढीग. मुलांनी शंभर फोटो काढले. भाऊजींनी एक रील केली, तिला म्हणे बरेच लाइक्स आले.

तिथून पाच मिनिटांवर एक घरगुती खानावळ. नाव लिहीत नाही, त्या बाईंना उगाच त्रास नको. पडवीत चार टेबलं, आत चूल आणि गॅस दोन्ही. बसता बसता भाऊजींनी हाक मारली, "भैया, सुरमई थाली है क्या? और एक पनीर भी लगेगा."

मंडळी, इथं जरा थांबा. हा माणूस एक नोव्हेंबरला काळी फीत लावतो. दुकानावरची मराठी पाटी लहान केली म्हणून महापालिकेत जाऊन तावातावानं भांडून आलेला माणूस आहे हा, आणि मला त्याचा अभिमान आहे. १९५६ पासून आपल्या तीन पिढ्या ह्या एका गोष्टीसाठी झगडत आल्या. आणि घाट उतरून महाराष्ट्रात, ज्या मुलुखाला जोडून घ्यायचं म्हणून आपण घसा फोडतो तिथं पाय ठेवला, की पहिलं वाक्य हिंदीत! ज्याला भैया म्हटलं तो मुलगा त्या बाईंचा धाकटा, कॉलेजात जाणारा. त्यानं बिचाऱ्यानं शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "आईला विचारून सांगतो हां काका."

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "सुरमय नाय गावली आज. तारले असत, बांगडे असत. तिसऱ्यांचा सुक्या केलंय." पनीर नव्हतंच. शाकाहारीला काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाजी.

भाऊजींचा चेहरा पडला. "तारले? ते काटेवाले? पोरं कशी खाणार?" मग मोबाइल काढून दुसरं हॉटेल शोधायला लागले. मुलं बाईंच्या बोलण्याला हसत होती. "गावली"ला हसत होती. माझा मुलगासुद्धा त्यात होता, लपवत नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, "तारल्यांचा तिखला केलंस? तिरफळा घातलंस मगे?"

पडवी शांत झाली. बाईंनी आईकडे पाहिलं. "तुमी खंयच्या?" आई म्हणाली, "उभादांड्याची मी." आणि पुढची दहा मिनिटं त्या दोघी जे बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं नाही. माझ्या जन्मदात्या आईचं बोलणं मला निम्मं कळलं नाही.

का कळलं नाही ते सांगते, कारण माझा खरा राग तिथं आहे आणि तो आधी माझ्यावरच आहे. आई शहापुरात आमच्या घरी आली तेव्हा मालवणीच बोलायची. आजी आणि आत्या तिची नक्कल करायच्या. चेष्टाच होती ती, वाईट मनानं कोणी करत नव्हतं, पण रोजची. मी चौथीत असताना तिनं शाळेच्या फाटकाशी, माझ्या मैत्रिणींसमोर, "खंय गेल्लंस?" असं विचारलं. मैत्रिणी हसल्या. मी घरी येऊन रडले आणि तिला सांगितलं, तू माझ्या शाळेत येत जाऊ नकोस. त्यानंतर मी तिच्या तोंडून मालवणी ऐकली नाही. तारलेही बंद झाले. आजोबांना तो वास चालत नसे, सुरमई-पापलेट तेवढं चालायचं, तेही पाहुणे आले तर. आमच्याकडे "माशांचा शौक आहे" असं लोक म्हणायचे!

आपली भाषा वरून कोणीतरी दाबतंय हे आपल्याला बरोब्बर दिसतं. आपल्याच स्वयंपाकघरात आपण कोणाची दाबली ते मात्र पन्नास वर्षं दिसत नाही.

बरं, भाऊजींची बाजूही मांडते, नाहीतर म्हणतील वहिनीनं एकतर्फी लिहिलं. त्यांच्या तक्रारी तीन. एक, वेळ फार लागला. दोन, काटे. तीन, मागच्या खेपेला हमरस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात थाळीला साडेचारशे घेतले आणि सुरमई रबरासारखी होती, सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी.

तिसरी तक्रार शंभर टक्के खरी आहे. मीही तिथं होते. पण ती सुरमई तशी का होती? कारण ती वेंगुर्ल्याची नव्हतीच, बर्फातली होती. आपण जूनमध्ये गेलो होतो, पावसाळी पर्यटन म्हणून. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, माशांच्या पैदाशीचा काळ असतो तो. त्या दिवसांत ताजी सुरमई मागणं म्हणजे दिवाळीत हापूस मागण्यासारखं आहे. पण आपण मागतो. बाराही महिने मागतो. मग हॉटेलवाला फ्रीझर घेतो, त्याचं वीजबिल थाळीत घालतो, आणि नारळाचं दूध काढायला माणूस परवडत नाही म्हणून सोलकढीत पाणी वाढवतो. आपण वर पुन्हा ऐटीत सांगतो, कोकणात आता ती चव राहिली नाही.

त्या महिन्यांत तिथले लोक काय खातात? सुकं. सुका बांगडा, सुकट, उकड्या तांदळाची पेज, फणसाच्या आठळ्या घातलेल्या भाज्या. हे मागून बघा कधीतरी. खानावळवालीला तुम्ही चेष्टा करताय असं वाटेल. तिला तसं वाटतं ही आपली कमाई आहे.

आणि नुसता चवीचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. रापणीत मुख्यतः तारले, बांगडे, पेडवे असलीच मासळी येते. ती ज्या तीस माणसांत वाटली जाते त्यांची चूल त्यावर चालते. गिऱ्हाईक सगळं सुरमई-पापलेटवर बसलं की ह्या माशाला खानावळीत भाव उरत नाही. दुसरीकडे पर्ससीन आणि एलईडी दिवेवाल्या बोटी मासळी उपसून नेतात, त्यांच्याशी पारंपरिक मच्छीमारांचं भांडण सिंधुदुर्गात वर्षानुवर्षं चालू आहे, पार समुद्रात बोटी अडवण्यापर्यंत. म्हणजे रापणीचे फोटो काढायचे, रील करायची आणि पाच मिनिटांनी त्याच रापणीतला मासा "काटेवाला" म्हणून नाकारायचा. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

काट्यांचं म्हणाल, तर आईनं त्या दिवशी तिन्ही मुलांना शिकवलं. मासा आडवा धरायचा, पाठीकडून बोटानं दाबत न्यायचं, वरची बाजू अलगद सुटते, मग मधला काटा शेपटीकडून एका ओढीत उचलायचा. बारीक काटे भातात धरून चावायचे. दोन मिनिटांचं काम. धाकटीनं पाच खाल्ले. तिखलं म्हणजे ओलं खोबरं कमी, मिरची-आमसूल जास्त, अंगाबरोबर रस आणि वर तो तिरफळांचा वास. तिरफळं ठेचून घालायची, खायची नाहीत, हे माझ्या मुलाला एक चावल्यावर कळलं. जीभ अर्धा तास बधिर. जेवणानंतर बाईंनी न मागता तवसळी आणून ठेवली, काकडीची, गुळातली. तिचे पैसे घेतले नाहीत. माहेरवाशिणीकडून कसले घ्यायचे, म्हणाल्या.

वेळेचं उत्तर माझ्याकडे नाही. पाऊण तास लागला, खरं आहे. आठ माणसांचं ताट एक बाई चुलीवर करते तेव्हा लागतो. खडेबाजारात कुंद्याच्या दुकानात दिवाळीला रांगेत आपण किती वेळ उभे असतो, ते मोजलंय कोणी?

कुंद्यावरून आठवलं. समजा पुण्याचं कोणी बेळगावला आलं, कुंदा समोर ठेवला आणि ते म्हणालं, "हे काय तपकिरी? पेढे नाहीत का?" आपण त्याला पुढची दहा वर्षं विसरणार नाही. मांड्याला "ही कसली पातळ पोळी" म्हणणाऱ्याची तर धडगत नाही. मग हाच अभिमान त्या पडवीतल्या बाईला असू शकतो हे आपल्याला सुचत कसं नाही? ती रोज चारदा ऐकते, सुरमई नाही? पनीर नाही? मग चला. निघताना तिनं मला हळूच सांगितलं की पुढच्या वर्षी तीही फ्रीझर घेणार आहे आणि पोरगा म्हणतोय पनीर आणि नूडल्स ठेवू या. तारले मग फक्त घरच्यापुरते करीन. तिनं हे मराठीत सांगितलं, आपल्यासारख्या मराठीत, शब्द जपून जपून. आईशी बोलली तशी माझ्याशी बोलली नाही. मी बेळगावची पाहुणी ना.

भाऊजी शेवटी जेवले, हेही लिहिलं पाहिजे. बांगडा घेतला, दोन वेळा भात घेतला. तरी परत आल्यावर सोमवारी ऑफिसात सांगितलंच, "वेंगुर्ल्यात खायला काही मिळत नाही हो, नुसते तारले." ते माझ्या कानावर आलं आणि ही पोस्ट सुरू झाली.

आता मार्चमध्ये पुन्हा जायचं ठरवतेय, ओल्या काजूची उसळ असते तेव्हा. वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे, तिथं निघालेल्या काजूच्या जाती कोकणभर लावल्यात. ते मुलांना दाखवायचं आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. भाऊजींना विचारलंय, अजून हो-नाही काही नाही. आईनं बाईंना फोन करून आधीच सांगून ठेवलंय. काय बोलली ते मी शेजारी बसून ऐकलं, मोबाइल स्पीकरवर होता. मध्ये दोनदा थांबवून अर्थ विचारला. दुसऱ्यांदा विचारल्यावर आई म्हणाली, "गप ऱ्हव गो, माका बोलांक दी."